टरफलं

रात्री साडेअकराला शिवाजीनगर स्टँडच्या मागे
दस्तगीरचा तवा थंड होत असतो.
तो गाडीखालून तेलाचा डबा ओढतो,
म्हणतो, "आज गिऱ्हाईक कमी. अडीचशेच फुटली."
मी पिशवी पुढे करते.

शाळेतली गोष्ट अजून पाठ आहे:
शेंगा खाल्ल्या नाहीत, टरफलं उचलणार नाही.
मी अंडी खात नाही.
दोन वर्षं झाली, उचलते आहे.

पाषाणला, लॅबच्या फ्रिजवर कुणी चिकटवलंय:
"येथे खाण्याची अंडी ठेवू नयेत."
खाली दुसऱ्या अक्षरात: "न खाण्याचीही."
सोसायटीच्या बेहेरेकाकू जिन्यात अडवतात,
टरफल ओल्यात धरायचं की सुक्यात?
काकू, ते हाड आहे, मी सांगते,
अजून झालेलं नाही, इतकंच.
त्या पावतीपुस्तक मिटतात.

आधी उकळायचं. आतला पापुद्रा नखानं सोडवायचा,
तो सायीसारखा निघतो, किंवा निघतच नाही.
खलात कुटायचं. भट्टी नऊशे अंशांवर,
आणि उरतो चुना,
पानाला लावतात त्याचा सख्खा भाऊ.
तो पाण्यात कालवून वरून आम्ल, थेंब थेंब.
घाई केली की साका बिघडतो.
काल मधेच आईचा फोन आला,
"स्थळ बघायचं का?" एवढ्यात अर्धा लिटर वाया.

सकाळी चंचुपात्राच्या तळाशी पांढरं बसलेलं असतं.
आपल्या मांडीत असतं तेच, जवळपास.
"जवळपास" ह्या एका शब्दावर
माझी शिष्यवृत्ती चालू आहे.

दस्तगीरच्या जुनैदला चांदणी चौकात टेम्पोनं उडवलं होतं.
नडगीत बोटभर हाडच नाही,
सळई आहे, थंडीत ठणकते.
तो कधी विषय काढत नाही.
एकदाच, कांदा चिरता चिरता,
"ताई, ह्याचं खरंच हाड होतं का?"
मी ससे सांगितले. मग शेळ्या,
मग समित्या, मग वर्षं.
त्यानं मिरच्या सुरीखाली ओढल्या.
"म्हणजे त्याच्या पोराला," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर माझं हाड भुसभुशीत निघतं.
दाबयंत्राखाली ठेवलं
की तिळगुळाच्या हलव्यासारखं कुर्रर्र.
सतरा बरण्या झाल्या,
झाकणांवर मार्करनं लिहिलंय, नापास.

सतराव्या बरणीतली चमचाभर पूड
मी रागानं ओतली शेजारच्या टेबलावरच्या पाण्यात.
ते सुकन्याचं पाणी, भोसरीकडच्या कुठल्याशा शेडमागचं,
जिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात.
ती ओरडली. मग तिनंच मोजलं.
पुन्हा मोजलं.
यंत्र बिघडलं म्हणून खालच्या मजल्यावर जाऊन मोजलं.
शिसं जवळपास नव्हतं.
(पुन्हा तो शब्द.)

हाडाला एक खोड असते.
शिसं दारात आलं की आपल्या चुन्याला उठवून
त्याला बसायला जागा देतं
आणि मग जाऊ देत नाही.
पोरांच्या अंगात हा शाप.
बरणीत तीच खोड कामाला आली.
ज्याला भार पेलता आला नाही
त्यानं विष धरून ठेवलं,
असं मी वहीत लिहिलं आणि खोडलं,
मॅडमना वहीत असलं चालत नाही.

मॅडम खूश आहेत, दोन पेपर होतील म्हणाल्या.
पण चोथा उरलाय.
शिसं प्यालेला, तरी रंग तसाच,
नुकत्या धुतलेल्या पंचासारखा पांढरा.
फेकता येत नाही. भाजला तर धुरातून येईल.
ड्रमवर लेबल लावायचंय,
आणि मी पेन घेऊन "प्रकार" ह्या रकान्यापाशी
पाऊण तास बसले आहे.
बेहेरेकाकू असत्या तर विचारलं असतं.

फोन वाजतो. दस्तगीरचा निरोप:
आज म्याच होती, चारशेच्या वर फुटली,
मोठी पिशवी आणा.